ऑपरेशनच्या चिठ्ठीवरचं ऑस्ट्रेलिया : डॉ. बारूख ब्लूमबर्ग यांची ओळख



२८ जुलै आला की परिपाठाच्या दिनविशेषात आपण एक ओळ वाचतो : आज जागतिक हिपॅटायटिस दिन. मीसुद्धा कितीतरी वर्षं ती ओळ वाचून लगेच सुविचाराकडे वळत होते. हा दिवस २८ जुलैलाच का, हे मुलांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी शोधलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या मामांच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. दुर्बिणीतून करायचं होतं, दोन दिवसांत घरी सोडणार होते. डॉक्टरांनी ऑपरेशनआधीच्या तपासण्यांची चिठ्ठी लिहून दिली. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, रक्तगट, ईसीजी, एचआयव्ही आणि शेवटी ऑस्ट्रेलिया अँटिजेन. मामांनी आयुष्यात पंढरपूरच्या पलीकडे प्रवास केलेला नाही. त्यांच्या रक्तात ऑस्ट्रेलिया कशाला शोधायचा, हे मला कळेना. लॅबमधल्या दादांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ही हिपॅटायटिस बी या काविळीची तपासणी आहे, तिचं नवं नाव एचबीएसएजी, पण जुनं नाव अजून चालतं. ते नाव कुठून आलं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. त्यानंतर जे झालं ते पुढे सांगते. पण त्या काही दिवसांत मी जे वाचून काढलं, त्यातून एक माणूस भेटला, आणि तो मुलांपर्यंत आणि तुमच्यापर्यंत पोहोचवावा असं वाटलं म्हणून हा लेख.

बारूख सॅम्युएल ब्लूमबर्ग यांचा जन्म २८ जुलै १९२५ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात झाला. म्हणजे आपला हिपॅटायटिस दिन हा त्यांचा वाढदिवस. घर ज्यू धर्मीय, वडील वकील. प्राथमिक शिक्षण एका ज्यू धार्मिक शाळेत झालं. तिथे नेहमीच्या विषयांबरोबर हिब्रू भाषा आणि धर्मग्रंथ शिकवत. एकेका वाक्यावर दोन्ही बाजूंनी वाद घालायचा, लगेच निकाल द्यायचा नाही, अशी तिथली पद्धत. पुढे ते फार रॉकअवे नावाच्या सरकारी हायस्कूलमध्ये गेले. प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन आणि बर्टन रिश्टर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. एका साध्या सरकारी शाळेतून तीन नोबेलविजेते निघाले! जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून किती बरं वाटलं असेल ते तुम्हीच ओळखा.

दुसऱ्या महायुद्धात ते १९४३ मध्ये नौदलात दाखल झाले. युद्ध संपल्यावर भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि कोलंबिया विद्यापीठात गणित शिकायला सुरुवात केली. तेव्हा वडिलांनी सुचवलं की तू डॉक्टर हो. मुलानं ऐकलं. १९५१ मध्ये ते डॉक्टर झाले. आपल्याकडे मुलगा एका शाखेतून दुसरीकडे वळला की आपण लगेच त्याचं वर्ष वाया गेलं म्हणतो. यांचं भौतिकशास्त्र झालं, गणित झालं, नंतर वैद्यक, त्यानंतर ऑक्सफर्डला जाऊन जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट. यातलं काहीही वाया गेलं नाही.

डॉक्टरकी शिकत असतानाच १९५० मध्ये ते काही महिने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम देशात गेले. मोएंगो नावाचं एक आडबाजूचं खाणगाव होतं, तिथे पोहोचायला नदीचाच रस्ता. तिथे त्यांनी बाळंतपणं केली, मलेरियाची पाहणी केली, हत्तीरोगाचे रुग्ण पाहिले. सुरीनाम हा भारताशी जोडलेला देश आहे, बरं का. १८७३ पासून उत्तर प्रदेश आणि बिहारमधले हजारो गिरमिटिया मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले होते. त्यामुळे तिथे भारतीय, जावाहून आलेले, आफ्रिकन, चिनी, मूळचे आदिवासी असे सगळे शेजारी शेजारी राहत. ब्लूमबर्ग यांना तिथे एक गोष्ट खटकली. डास तेच, हवा तीच, तरी हत्तीरोग काही लोकांमध्ये जास्त आणि काहींमध्ये कमी. असं का?

हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. एकच आजार एकाला धरतो आणि दुसऱ्याला सोडतो. मग माणसांच्या रक्तातच जन्मापासून काही फरक असतो का? त्यांचं सगळं पुढचं संशोधन या प्रश्नातून निघालं. काविळीचा विषाणू शोधायला ते निघालेच नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत शास्त्रज्ञ नेहमी ठरवून शोध लावतात.

१९५७ पासून ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काम करू लागले. जगभरातल्या लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि त्यातली प्रथिनं ताडून पाहायची, हे त्यांचं काम. फरक शोधायची त्यांची युक्ती मला फार आवडली. ज्यांना पुन्हा पुन्हा दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं, उदाहरणार्थ हिमोफिलियाचे रुग्ण, त्यांच्या शरीरात कितीतरी परक्यांची प्रथिनं जातात. शरीर त्यातल्या अनोळखी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. म्हणजे अशा रुग्णाचं रक्त म्हणजे जणू अनुभवी हवालदार, परका माणूस दिसला की लगेच ओळखणारा. मग एका काचेवर चायना ग्रासच्या जेलीसारखा पातळ थर द्यायचा. होय, आपण खरवसासारखी वडी करायला वापरतो तोच चायना ग्रास, शास्त्रात त्याला अगर म्हणतात. त्या थरात छोटी भोकं पाडायची. मधल्या भोकात हवालदाराचं रक्तद्रव, भोवतीच्या भोकांत वेगवेगळ्या लोकांचं. दोन्ही द्रव जेलीतून हळूहळू पसरतात. जिथे ओळख पटते तिथे एक पांढरट रेघ उमटते. बस, एवढाच प्रयोग.

१९६३ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी हार्वे ऑल्टर अशा रेघा पाहत होते. न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया रुग्णाचं रक्तद्रव चोवीस नमुन्यांसमोर ठेवलं. त्यातल्या एकाच नमुन्यासमोर रेघ उमटली. तो नमुना होता ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाचा. म्हणून त्या अनोळखी प्रथिनाला नाव पडलं ऑस्ट्रेलिया अँटिजेन. मामांच्या चिठ्ठीवरचा ऑस्ट्रेलिया तो हा. बिचाऱ्या ऑस्ट्रेलियाचा यात काहीच दोष नाही, हे प्रथिन जगात सगळीकडे सापडतं. पण एकदा पडलेलं नाव सुटत नाही, हे आपण वर्गात पोरांच्या टोपणनावांवरून जाणतोच. (हार्वे ऑल्टर यांना पुढे २०२० मध्ये हिपॅटायटिस सी च्या शोधासाठी नोबेल मिळालं.)

आता खरी गंमत. हे प्रथिन म्हणजे काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. निरोगी अमेरिकनांमध्ये ते क्वचित सापडे, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये जास्त. ब्लूमबर्ग यांचा अंदाज असा की हा जन्मजात गुण असावा आणि तो ज्यांच्यात आहे त्यांना कर्करोग होत असावा. ते आता फिलाडेल्फियाच्या कर्करोग संशोधन संस्थेत आले होते. अंदाज तपासायला त्यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या मुलामाणसांचं रक्त पाहिलं, कारण त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त असतं. एका मोठ्या संस्थेत राहणाऱ्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांच्या रक्तात ते सापडलं. अंदाज बरोबर निघाला असं वाटलं. पण छोट्या संस्थांमध्ये प्रमाण कमी होतं, घरी राहणाऱ्यांमध्ये त्याहून कमी, आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळांमध्ये तर कोणातच नाही. जन्मजात गोष्ट असती तर बाळांत दिसली असती. दाटीवाटीनं राहणाऱ्यांत वाढणारी गोष्ट म्हणजे संसर्ग.

१९६६ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या एका तरुणाचा रिपोर्ट, जो आधी निगेटिव्ह होता, तो अचानक पॉझिटिव्ह आला. यकृताची तपासणी केली तेव्हा त्याला कावीळ झालेली दिसली. त्यानंतर वर्षभरात त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका तंत्रज्ञ मुलीला अशक्तपणा जाणवू लागला. ती रोज या रक्ताच्या नमुन्यांवर काम करायची. तिनं स्वतःच्याच रक्ताची तपासणी केली, आणि जेलीत पुसटशी रेघ दिसली. पाठोपाठ तिला कावीळ झाली. ती पूर्ण बरी झाली. पण विचार करा, ती रेघ पाहताना तिला काय वाटलं असेल!

आता चित्र स्पष्ट झालं. ऑस्ट्रेलिया अँटिजेन हे माणसाचं प्रथिन नव्हतंच. ते होतं हिपॅटायटिस बी च्या विषाणूचं बाहेरचं वेष्टन. पहिला अंदाज चुकला होता, आणि ब्लूमबर्ग यांनी तो मुकाट्यानं सोडून दिला. यावरचा एक शोधनिबंध सुरुवातीला परत आला, कारण काविळीचा विषाणू सापडल्याचे दावे आधीच ढिगानं झाले होते. पण १९६८ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये आणि जपानमध्ये इतरांनाही तेच दिसलं.

याचा पहिला फायदा झाला तो ऑपरेशन होणाऱ्या रुग्णांना. त्या काळात मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्ताच्या कितीतरी बाटल्या लागत, आणि ऑपरेशन यशस्वी होऊन घरी गेलेला माणूस दोन-तीन महिन्यांनी कावीळ होऊन परत येई. कुठल्या बाटलीत विष आहे ते ओळखायची सोय नव्हती. रक्त देणारा माणूस धडधाकट दिसे. कारण या विषाणूचं हेच तर वैशिष्ट्य आहे : काही लोकांच्या शरीरात तो वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, त्यांना वाहक म्हणतात. आता रेघ पाहून अशा बाटल्या बाजूला काढता येऊ लागल्या. १९७० नंतरच्या एक-दोन वर्षांत अमेरिकेत दात्याच्या रक्ताची ही तपासणी सक्तीची झाली. आज आपल्या रक्तपेढ्यांतही प्रत्येक पिशवीची ही तपासणी झाल्याशिवाय रक्त देत नाहीत.

१९६९ मध्ये ब्लूमबर्ग आणि त्यांचे सहकारी अर्विंग मिलमन यांनी लशीची कल्पना मांडली. ती समजून घेण्यासारखी आहे. वाहकाच्या रक्तात खऱ्या विषाणूंपेक्षा रिकामी वेष्टनंच कितीतरी जास्त फिरत असतात, जशी पत्र नसलेली रिकामी पाकिटं. ती पाकिटं गाळून वेगळी केली, उरलासुरला विषाणू मारून टाकला, तर शरीराला शत्रूचा पत्ता कळेल आणि आजार होणार नाही. माणसाच्या रक्तातून लस काढायची, असं आधी कोणी केलं नव्हतं. ती लस अमेरिकेत १९८१ मध्ये मंजूर झाली. १९८६ मध्ये यीस्टकडून ती पाकिटं तयार करून घेतलेली लस आली, मग रक्ताची गरजच उरली नाही. या विषाणूमुळे यकृताचा कर्करोगही होतो, म्हणून ही कर्करोग टाळणारी पहिली लस मानली जाते. तैवाननं १९८४ पासून बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि पुढे तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग खरोखर कमी झाला. भारतीय बनावटीची लस १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेकनं आणली आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ही लस बनवते.

१९७६ मध्ये ब्लूमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळालं, कार्लटन गायडुसेक यांच्याबरोबर विभागून. त्या वेळच्या भाषणातला एक भाग वाचून मी थांबले. शोधाबद्दल बोलताना त्यांनी वाहकांचा विषय काढला होता. चाचणी आल्यामुळे माणसांचा एक नवा गटच तयार झाला होता. आधी हे लोक इतरांसारखेच होते. आता त्यांच्यावर एक शिक्का बसला. वाहक असलेल्या नर्सनं काम करावं की नाही, त्यांच्यापासून किती लांब राहायचं, असे प्रश्न उठू लागले. ज्ञान अर्धवट असताना आपण एखाद्या माणसाचं जगणं कुठवर आखडायचं, ही काळजी त्यांना होती. स्वतःच्याच चाचणीबद्दल असं जाहीरपणे बोलणारा शास्त्रज्ञ मला तरी दुसरा माहीत नाही.

आणि मी मामांच्या रिपोर्टपाशी परत आले. सकाळी दहाला त्यांचं ऑपरेशन पहिलं होतं. रिपोर्ट दिसल्यावर ते दिवसाच्या शेवटी ढकललं. संध्याकाळी सांगण्यात आलं की इथे नको, मोठ्या शहरात न्या. दुखणं तसंच ठेवून आम्ही परतलो. दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशन व्हायला सतरा दिवस गेले. तिथल्या सर्जनबाईंनी आम्हाला नीट समजावलं, आणि तेच इथे माझ्या शब्दांत लिहिते.

ऑपरेशनआधी ही तपासणी करण्यात चूक काहीच नाही. रुग्णाच्या यकृताची अवस्था कळते, भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळते. ऑपरेशन करताना कोणाला सुई टोचली तर ताबडतोब उपाय करता येतो, कारण लस न घेतलेल्याला हा विषाणू टोचलेल्या सुईतून एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज लागतो. पण पॉझिटिव्ह रिपोर्ट हे ऑपरेशन नाकारायचं कारण नाही. उलट निगेटिव्ह रिपोर्टवरही पूर्ण विसंबता येत नाही, संसर्ग झाल्यावर पहिले काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही. म्हणून हातमोजे, चष्मा, सुया टाकायची पद्धत ही काळजी प्रत्येक रुग्णासाठी सारखीच घ्यायची असते, आणि ऑपरेशन थिएटरमधल्या प्रत्येकानं, अगदी साफसफाई करणाऱ्या मावशींनीही, लस घेतलेली असायला हवी. रिपोर्टचा पहिला उपयोग खुद्द रुग्णाला व्हायला हवा : यकृताची पुढची तपासणी, गरज असेल तर औषध, आणि घरातल्यांची तपासणी व लस. मामांना आपण वाहक आहोत हे त्या चिठ्ठीमुळेच कळलं. नाहीतर यकृत खराब होईपर्यंत कळलंच नसतं.

दवाखान्याला नावं ठेवताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. त्या सतरा दिवसांत आमच्या घरात मामांचं ताट-वाटी वेगळी काढली गेली होती. ती वेगळी काढली मीच. डी.एड. झालेली, वर्गात संसर्गजन्य रोगांचा पाठ शिकवणारी मी. हिपॅटायटिस बी रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून, आईकडून जन्मताना बाळाला आणि वापरलेल्या सुया, वस्तरे यांतून पसरतो. एकत्र जेवल्यानं, शेजारी बसल्यानं, हात हातात घेतल्यानं पसरत नाही. पाण्यातून येणारी कावीळ वेगळी, ती ए आणि ई प्रकारची. मामा काही बोलले नाहीत. वेगळ्या ताटात जेवत राहिले.

हे शाळेच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे. एखाद्या मुलाच्या घरी कोणी पॉझिटिव्ह निघालं आणि ते गावात पसरलं, तर पोषण आहाराच्या पंगतीत त्या पोराचं काय होईल याची कल्पना करा. रिपोर्ट ही खासगी गोष्ट आहे. ती आपल्याला कळली तरी वर्गात, स्टाफरूममध्ये, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये.

ब्लूमबर्ग यांच्याकडे परत येते. नोबेलनंतरही हा माणूस एका जागी बसला नाही. मित्रांबरोबर त्यांनी एक शेत घेतलं होतं, तिथे गुरं पाळली होती. दिवसभर शेण उपसलं की डोक्याच्या कामाचा शीण जातो, असं त्यांचं मत. (आमच्याकडच्या पोरांना हे जरूर सांगा, गोठ्यातून थेट शाळेत आल्याची त्यांना लाज वाटते.) १९८९ मध्ये ते ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्रमुख झाले, त्या पदावरचे पहिले अमेरिकन. १९९९ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तरीच्या उंबरठ्यावर, नासाच्या एका नव्या संस्थेचे पहिले संचालक झाले. पृथ्वीबाहेर जीव असू शकतो का, हे शोधणारी ती संस्था.

५ एप्रिल २०११ रोजी कॅलिफोर्नियात नासाच्या केंद्रावर चंद्रावरील संशोधनाविषयी एक परिषद होती. तिथे त्यांनी भाषण केलं आणि थोड्याच वेळात त्यांचं निधन झालं. वय पंच्याऐंशी. त्याच्या आदल्या वर्षी जागतिक आरोग्य परिषदेनं त्यांच्या वाढदिवशी हिपॅटायटिस दिन पाळायचं ठरवलं होतं. २८ जुलैला तो पहिल्यांदा साजरा झाला २०११ मध्ये, ते गेल्यावर चार महिन्यांनी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी लोकांना हा दीर्घकाळचा संसर्ग होता. आपल्या देशात सरकारी लसीकरणात ही लस २०११ च्या सुमारास सगळीकडे पोहोचली. बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत पहिला डोस, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटमधून. म्हणजे आज आपल्यासमोर बसलेल्या मुलांना ती बहुतेक मिळालेली आहे. आपल्याला, त्यांच्या शिक्षकांना आणि आईवडिलांना, बहुतेक मिळालेली नाही. मोठ्यांसाठी तीन डोस असतात, दुसरा एका महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. घरच्यांच्या तपासण्या झाल्या तेव्हा मी माझा पहिला घेतला. मामींचे तिन्ही पूर्ण झाले, माझा तिसरा येत्या शनिवारी आहे, सकाळची शाळा सुटल्यावर. ज्या लॅबमध्ये मामांची सहामाही तपासणी होते तिच्या समोरच आरोग्य केंद्र आहे, तेव्हा मामाही सोबत येणार आहेत.